आपटलेले फोन

सोमवार, १२ फेब्रुवारी

नाही जाणार म्हणजे नाही जाणार! पाटीवर तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा इतकं दाबून लिहिलं की पेन्सिल मोडली. बायको शांतपणे दुसरी घेऊन आली. "लिहा अजून," म्हणाली, "पण गुरुवारी चार वाजता जायचंय."

आता धड भांडताही येत नाही. पूर्वी मी एक वाक्य बोललो की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. आता माझं लिहून होईपर्यंत तिची भांडी घासून होतात. मग हात पुसत येते, वाचते आणि "बरं" म्हणते. अशाने भांडण व्हायचं कसं?

गळा कापलेल्या माणसांचा मेळावा बघून मला काय मिळणार? माझा मला रोज दाढी करताना दिसतो. मधोमध भोक, नाण्याएवढं. त्यातून श्वास, त्यातूनच खोकला. डॉक्टर म्हणतात, सगळं निघालं, नशीबवान आहात. सगळं म्हणजे गाठही आणि स्वरयंत्रही. सव्वीस वर्षं बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या मी. फलाट चार, गाडी सुटायला दोन मिनिटं — लोक हातातला घास खाली ठेवून पळायचे. नशीबवान म्हणे!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ही वही काल आणली, कारण पाटीवरचं पुसावं लागतं. इथलं कोणी वाचायचं नाही. बायकोनेसुद्धा नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

धाकट्याचा मेसेज — "आज सातला तिसरा लावला. आई खूश."

हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं. आई धाकट्या भावाकडे असते, इथून दिवसभराच्या प्रवासावर. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. वाचता येत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवरचा चेहरा दिसत नाही. तिला मी म्हणजे नुसता आवाज. वीस वर्षं रोज संध्याकाळी सातला फोन केला, एक दिवस चुकवला नाही. आणि आमचे वडील गेले ते याच आजाराने, गळ्याच्याच. त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. आता तिच्या हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी धाकट्याला बजावलंय, धक्का नको.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघा भावांनी एक उद्योग केला. मी नऊ फोन रेकॉर्ड करून ठेवले. "आई, जेवलीस का?" — मग पाच सेकंद गप्प, ती बोलेल म्हणून. "बरं. औषध घेतलंस?" — चार सेकंद. "छान, छान. काम फार आहे गं, रजा मिळत नाही. ठेवतो." कुठे किती थांबायचं हे घोषणा करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. दवाखान्याच्या कॉटवर बसून, घड्याळ समोर ठेवून केले. घशात सुया टोचत होत्या, तरी आवाज असा लावला की नर्स दारात उभी राहून ऐकत होती. अख्ख्या नोकरीत इतकं सफाईदार काम केलं नव्हतं मी.

धाकटा रोज सातला त्यातला एक लावतो. रविवारी बायको स्वतः बोलते, हे आंघोळीला गेलेत, हे कामावर आहेत म्हणून सांगते. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसते. मला कळत नाही असं तिला वाटतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

गेलो. नेलं म्हणू या.

दवाखान्याचं तळघर. व्यायामाची खोली. धरून चालायचे दांडे, भिंतभर आरसा, कोपऱ्यात गुडघ्यांच्या पट्ट्यांचा ढीग. पाच खुर्च्या. वाटलं, आरशात तोंड बघून परत जावं.

एक बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. साडी चापूनचोपून, गळ्याला पांढरा रुमाल, त्याला इस्त्री! त्याच सगळं चालवतात. एक वकील, गळ्याला दाढीच्या मशिनसारखं यंत्र लावून बोलतो. सगळे त्याला भुंगा म्हणतात, तोंडावर. तो चिडत नाही. एक सुतार, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोटं जाड, डोळे हसरे. आणि एक म्हातारे गृहस्थ, ते फक्त येऊन बसतात.

बाई बोलल्या. मी दचकलोच. आवाज पोटातून, जाड, पुरुषासारखा. दोन शब्द झाले की हवा गिळायची, मग पुढचे दोन. "पाटी — खाली ठेवा. — इथे कोणी — वाचत नाही. — चष्मा विसरते मी." सुताराचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. आवाज नाही, नुसते खांदे.

युक्ती अशी की हवा गिळायची आणि ती ढेकरेसारखी परत येताना तिचा शब्द करायचा. सव्वीस वर्षांच्या आवाजाची ही किंमत — ढेकर! अंगाचा तिळपापड झाला माझा.

मग चहा आला. सगळ्यांपुढे कप. कोणी हात लावेना. आधी कळलंच नाही मला. मग लक्षात आलं — फुंकर मारता येत नाही कोणाला! तोंडातून वाराच येत नाही आमच्या. घरी बायको माझ्यासाठी बशीत ओतून देते आणि मला लाज वाटते. इथे पाच माणसं आपापल्या कपाकडे बघत, निवायची वाट बघत बसली होती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दोन महिन्यांत पहिल्यांदा मी एकटा नव्हतो थांबलेला. पुढच्या गुरुवारी जाईन. बायकोला सांगितलेलं नाही अजून, नाहीतर चढून बसेल.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

हवा गिळली. पोटात गेली ती गेलीच.

शनिवार, २ मार्च

दिवसभर हवा गिळतोय. पोट नगारा. बायको म्हणाली, "सूप घ्या थोडं." म्हटलं — लिहिलं — पोटात जागा नाही, वारा भरलाय. हसली. फार दिवसांनी हसली ती.

गुरुवार, ७ मार्च

बाईंनी आज कागदावर लिहून दिलं, कुठले शब्द आधी येतात. क, ट, प. या अक्षरांवर तोंड बंद होतं, हवा आत ढकलली जाते. काका, काकू, टोपी, पाट, कप. सुतार म्हणाला, त्याचा पहिला शब्द "पक्कड". बाईंचा "काप". भुंग्याने दोन वर्षं प्रयत्न करून शेवटी यंत्र घेतलं. म्हणाला, "मी हरलो. — पण वाद — सोडला नाही."

मी पाटीवर लिहिलं : आई?

बाईंनी मान हलवली. "तो शेवटी येतो. — धरायला अक्षरच नाही त्यात. — तोंड नुसतं उघडं. — सगळ्यांचा — शेवटीच आला."

म्हणजे काकूला हाक मारता येईल, ताईला येईल, पाटाला येईल. आईला नाही!

मंगळवार, १२ मार्च

धाकट्याचा मेसेज, हसून हसून लिहिलेला. काल आईने फोनवर सांगितलं, "मी पडले रे मोरीत, पाय दुखतोय." आणि माझा आवाज म्हणाला, "छान, छान!" धाकट्याचा जीव वर आला. पण आईने काही मनावर घेतलं नाही म्हणे. "बरं, बाळा" म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला. पाय ठीक आहे, नुसता मुरगळला होता.

मीही हसलो. खांदे हलवून. आता तेवढंच येतं.

बायको नाही हसली. म्हणाली, "पुरे झालं हे. किरणांचे शेक संपलेत, जखम भरलीये. जाऊन भेटा त्यांना." लिहिलं — आवाज घेऊनच जाईन. तोंड उघडून मुक्यासारखा तिच्यासमोर बसणार नाही. वडील शेवटचे चार महिने तसे बसायचे, ती त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. मला ते पुन्हा तिच्यापुढे मांडायचं नाही. बायको म्हणाली, "त्यांच्यासाठी की तुमच्या मिजाशीसाठी?"

उत्तर लिहिलं असतं तर पेन्सिल पुन्हा मोडली असती.

गुरुवार, ४ एप्रिल

"का!"

आला! आरशासमोर. एकच, कर्कश, बेडकासारखा. पण माझा! सुताराने असा गुद्दा घातला पाठीत की खोकून खोकून भोकातून सगळं बाहेर. बाईंनी आपला इस्त्रीचा रुमाल काढून माझ्या गळ्याला लावला. स्वतःचा. दुसऱ्या कोणाचं असं काही पुसायला सख्खा माणूसही मागेपुढे करतो.

घरी येऊन बायकोला ऐकवला. ती कणीक — नाही, पीठच होतं ते, चाळत होती. पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली. "का? का?" करून मी तिला विचारत राहिलो, का रडतेस म्हणून. शब्द तेवढाच येत होता, पण बसला बरोबर.

शुक्रवार, १९ एप्रिल

काका. काकू. कप. टाका. पक्कड (सुताराची उधारी). सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. गॅलरीत उभा राहिलो की खालचा कुत्रा भुंकतो.

गुरुवार, ९ मे

आजपासून माझेही फोन. गटाचा जुना रिवाज आहे. अनोळखी माणसाला फोन लावायचा, काहीतरी विचारायचं आणि उत्तर मिळवायचं. आवाज ऐकून लोक फोन आपटतात. आपटलेले फोन फळ्यावर मोजायचे. महिन्यात ज्याचे जास्त, त्याला बिस्किटांचा पुडा! बाई म्हणतात, आपण हरलो की खायला मिळायला हवं.

भुंगा — बारा. लोकांना वाटतं कंपनीचं मशीन बोलतंय. "मी माणूस आहे" म्हणाला की हमखास ठेवतात. बाई — सात. किराणा दुकानदार त्यांना "साहेब" म्हणतो. साहेब, सामान पाठवतो. सुतार — नऊ. लाकडाच्या वखारीत फोन घेणाऱ्या बाईने त्याला चावट फोन करणारा समजून असं झापलं की बिचारा घामाघूम. "मी फक्त — फळी — विचारली हो!" सगळ्यांचे खांदे हलत होते. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, खोलीत माणसं नाहीतच.

मी लावला आमच्याच बस स्थानकाला. चौकशीला नवीन मुलगी आहे. "गाडी — किती — ला?" ती थांबली. मला वाटलं, आता आपटणार. म्हणाली, "सावकाश बोला काका, मी आहे." मी कुठल्या गाडीचं विचारायचं तेच विसरलो. सगळं वेळापत्रक तोंडपाठ आहे मला, तरी तिने सांगितलेलं ऐकत राहिलो. मागे घोषणा चालली होती. रेकॉर्ड केलेली, कुठल्यातरी बाईची. थांबते चुकीच्या जागी. चालायचंच.

माझा आकडा शून्य. महिनाअखेर बिस्किटं भुंग्यालाच मिळणार.

गुरुवार, २३ मे

सुतार आला नाही. त्याच्या बायकोने कळवलं, थोडं दुखतंय.

गुरुवार, ३० मे

पुन्हा नाही आला. बाईंनी त्याची खुर्ची कोणाला काढू दिली नाही. चहा आला तेव्हा त्याच्याही जागी कप ठेवला, मग स्वतःच उचलून ट्रेमध्ये ठेवला. आमच्यात परत उद्भवलं म्हणतात त्याला. शब्द कोणी उच्चारत नाही.

रविवार, २ जून

सुताराकडे गेलो होतो. कॉटवर. पाठीला लोड. बोलायला हवा गिळता येत नाही त्याला आता. त्याने पाटी पुढे ओढली — माझीच पाटी, मीच नेली होती. त्याने लिहिलं : आई आली का?

म्हणजे शब्द. त्याला माझं सगळं माहीत आहे, फोनचंही. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने लिहिलं : "क" ला टेकून म्हण. मग "क" काढून टाक. शिडीसारखं.

लाकूडकामवाल्याचं डोकं! तिथेच प्रयत्न केला. "काई. काई." तो डोळ्यांनी हसला. त्याच्या बायकोला वाटलं, आम्हाला काही हवंय, ती पाणी घेऊन आली.

रविवार, ९ जून

सुतार गेला.

सोमवार, १० जून

आम्ही चौघं गेलो होतो. त्याने स्वतः केलेल्या लाकडी बाकावर ओळीने बसलो. आमचं रडणं आवाज करत नाही. हुंदकाही फुटत नाही. डोळ्यांतून पाणी आणि भोकातून फसफस, बस्स. त्याच्या कोणी नातेवाईक होत्या, त्या बाजूला कोणाला तरी म्हणाल्या, "हे त्याचे मित्र ना? दगडासारखे बसलेत." बाईंनी ऐकलं. माझा हात घट्ट धरला.

त्याची बायको येऊन आमच्याजवळच बसली. "तुमच्यासारखं बोलणारं घरात कोणी राहिलं नाही आता," म्हणाली. "पूर्वी मला त्या आवाजाची लाज वाटायची." मग तिने बाईंना सांगितलं, काहीतरी बोला. काहीही. बाई म्हणाल्या, "टोपी. — काका. — पक्कड." तिने डोळे मिटून ऐकलं.

गुरुवार, १३ जून

खोलीत चौघेच. सराव झाला नाही. चहा तसाच गार झाला.

शुक्रवार, २१ जून

काई. काई. क्आई. आई.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरात ओट्याशी. बायको झोपली होती. पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. "आई." जाड, फाटका, चिखलातून पाय काढावा तसा. पण कोणालाही कळेल असा.

सांगायला सुतार पाहिजे होता.

गुरुवार, २७ जून

बाईंनी विचारलं, आता तरी जाणार का तिकडे? म्हटलं, आधी — फोन. कान तयार होऊ दे तिचे. पुढे डोळे.

दुपारी दोनला लावला, घरून. त्या वेळी धाकटा कामावर असतो, त्याची बायको पलीकडे शिवणाच्या दुकानात. घरातला फोन आईच उचलते. चार दिवस फक्त याच वाक्याचा सराव केला होता — आई. मीच. आवाज बदललाय. घाबरू नकोस. एवढंच.

उचलला. "कोण?" तिचा आवाज! सहा महिन्यांनी. बारीक झालाय. हवा गेली वाकडी. जोर लावून म्हटलं, "आई."

तिकडे नुसता श्वास. मग पुन्हा, "कोण आहे?" कापरा.

"आई. — मी —"

ठेवला.

संध्याकाळी गटात गेलो. फळ्यासमोर उभा राहिलो. खडू घेतला आणि माझ्या नावापुढे एक रेघ मारली. भुंग्याने विचारलं, "कोण होतं?" सांगितलं. यंत्र त्याच्या गळ्यावरून खाली आलं.

बाई उठल्या. मला वाटलं, रेघ पुसतील. नाही पुसली. बिस्किटांचा पुडा उघडला, सगळ्यांना वाटलं, मला चार. "महिना — संपायचाय अजून," म्हणाल्या, "पण — आजचा मान तुझा." पहिल्यांदाच अरे-तुरे केलं त्यांनी मला. बसून खाल्ली बिस्किटं. जे नुसते येऊन बसतात ते म्हातारे गृहस्थ, त्यांनी आपलं एक बिस्किट माझ्या बशीत ठेवलं.

या लोकांना काय म्हणायचं? मित्र म्हणवत नाही. नातेवाईकही नव्हेत. ज्यांच्यासमोर खोकताना मान वळवावी लागत नाही, ते.

शनिवार, २९ जून

धाकट्याला कळवलं. भडकला. "दादा, तुला सांगितलं होतं ना, धक्का नको! त्या रात्री जेवली नाही ती. विचारलं तर म्हणते, काही नाही, राँग नंबर होता." मग थोड्या वेळाने पुन्हा मेसेज — "सातला पाचवा लावला. नीट बोलली. म्हणाली, सुखी राहा."

माझ्यावर मीच जळतोय! त्या पाचव्या नंबरच्या माझ्यावर. तो बोलतो आणि ती त्याला सुखी राहा म्हणते. मी बोललो तर राँग नंबर.

मंगळवार, २ जुलै

सराव बंद. वहीही नको वाटते.

गुरुवार, ४ जुलै

जाणार नव्हतो. चार वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. तिघंही दारात! तळघर इकडे उचलून आणलं म्हणे. भुंगा जिना चढून घामाने निथळत होता, म्हाताऱ्या गृहस्थांना दोघांनी धरलं होतं. बायकोची धांदल. चहा केला तिने आणि बशा पुढे करायला लागली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं. — आम्ही — थांबतो." आणि सगळे बसले, कपाकडे बघत. बायको दारात उभी राहून आम्हाला बघत राहिली. मग तिनेही स्वतःचा कप आणला, आमच्यात बसली आणि फुंकर न मारता थांबली.

ठरलं असं. पुढच्या गुरुवारी फोन लावायचा, तळघरातून, सगळ्यांसमोर. तिने आपटला तर पुन्हा. आपटला तर पुन्हा. धाकट्याला मी सांगणार नाही. तिच्या हृदयाची भीती मलाही आहे. पण बायको म्हणाली ते खरं आहे — आपण त्यांना न विचारता ठरवलं, त्यांना काय झेपतं ते.

बुधवार, १० जुलै

आई. आई. आई. आई. स्वच्छ येतोय आता. खालचा कुत्रासुद्धा भुंकत नाही.

गुरुवार, ११ जुलै

उचलला. या वेळी ठेवला नाही. मी "आई" म्हटलं. फोन मोठ्याने लावलेला होता, सगळ्या खोलीने ऐकलं.

आई म्हणाली, "मागच्या वेळी घाबरून ठेवला मी. राग मानू नका. आमच्या ह्यांचा आवाज बंद पडायच्या आधी असाच झाला होता, आणि माझ्या मोठ्याचाही घसा तसाच बसायला लागला होता. तुम्ही माझ्या मुलाच्या दवाखान्यातले ना? तुम्हालाही तेच दुखणं ना?"

मला हवा सापडेना.

"घरात मला कोणी खरं सांगत नाही. धाकटा रोज मोठ्याचा जुना आवाज लावतो. मी पडले म्हटलं तर छान म्हणाला, तेव्हाच समजले. माझं लेकरू जिवंत असतं तर धावत आलं असतं. पण मीही बोलते त्या फोनशी, धाकट्याला वाईट वाटायला नको. तुम्ही त्याला सांगू नका. मला एवढंच सांगा — शेवटी फार त्रास झाला का हो माझ्या मोठ्याला?"

मार्चपासून. मार्चपासून माझी आई मला मेलेला धरून बसली आहे. एकटी. आणि रोज सातला हसून बोलते आहे.

"आई, मी, मी" एवढंच म्हणत राहिलो. ती म्हणाली, "नका बाबा, त्याच्यासारखं आई नका म्हणू." 

तिच्या गावची साडेपाचची गाडी आहे. बायकोने पिशवी भरली. निघतो.